विपुलतेची साक्ष : न्यूफाउंडलंडचा कॉड आणि औद्योगिक मासेमारी

समुद्राच्या विपुलतेची वर्णने प्रवासवृत्तांतांत वारंवार आढळतात आणि साहित्याचा अभ्यासक ती बहुधा विस्मयाचा रूढ संकेत मानून बाजूला ठेवतो. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचा इतिहास पाहता या वाचनपद्धतीचा पुनर्विचार आवश्यक ठरतो.

जॉन कॅबट यांच्या १४९७ मधील सफरीनंतर मिलानच्या लंडनस्थित दूताने आपल्या ड्यूकला खलाशांचे म्हणणे कळवले : दगड बांधून सोडलेल्या टोपल्यांनीही तेथे मासे वर काढता येतात. यात बढाई असेलही. परंतु त्यानंतर साडेचार शतके गळ, जाळी व होड्या यांनी केलेली मासेमारी त्या समुद्राने सोसली, ही वस्तुस्थिती आहे. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हेन्री हक्स्ले यांनी कॉडसारख्या माशांचे साठे अक्षय असल्याचे प्रतिपादन केले, ते तत्कालीन पद्धतींची मर्यादा घालूनच. पुढे विधान स्मरणात राहिले. मर्यादा मात्र अनेकदा गळून पडली.

त्या पद्धतीच पुढे पालटल्या. मासे पकडणे, कापणे व गोठवणे एकाच जहाजावर करणारे ‘फेअरट्राय’ हे ब्रिटिश ट्रॉलर १९५४ मध्ये कार्यरत झाले. पाठोपाठ सोव्हिएत व इतर युरोपीय ताफे आले. लॅब्राडोर ते ईशान्य न्यूफाउंडलंड या पट्ट्यातील कॉडची पकड १९६८ मध्ये सुमारे आठ लाख टनांवर गेली आणि १९७८ पर्यंत दीड लाखाखाली घसरली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत अधिकार प्रस्थापित केला; तरी परदेशी ट्रॉलरांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली. किनाऱ्यावरचे मच्छीमार १९८० च्या दशकात घटत्या पकडीची तक्रार करीत होते. शासकीय अंदाज मात्र अंशतः ट्रॉलरांच्या पकडीवर विसंबले होते. उरलेले थवे यंत्राने हुडकता येत असल्याने साठा आटत असतानाही ती पकड भरघोस दिसे.

२ जुलै १९९२ रोजी बंदी जाहीर झाली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी घातलेली ही बंदी बत्तीस वर्षे टिकली. २०२४ मध्ये व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली, ती १८,००० टनांच्या मर्यादेने. म्हणजे १९६८ च्या पकडीच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातील साठाच मूळचा मानते. त्यामुळे माशांबरोबर विपुलतेचे मापही आक्रसत जाते. अशा वेळी जुने वृत्तांत, पत्रे व भाषणे यांना पुराव्याचे मोल येते. ती अक्षरशः खरी मानू नयेत हे खरेच. पण केवळ अलंकार म्हणून ती वगळली, तर समुद्राने काय गमावले हे मोजण्याचे एक साधनच आपण गमावतो.