डिजिटल वर्गखोल्या आणि शालेय सुरक्षा : कुंभकोणम दुर्घटनेचा संदर्भ

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी श्री कृष्णा अनुदानित खासगी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरील प्राथमिक वर्गांतील मुले अडकून पडली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना सुरू केली. माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्यावर तिचा भर होता. २०१० मध्ये ती सुधारण्यात आली आणि २०१८ पासून हे काम समग्र शिक्षा अभियानात समाविष्ट झाले. तमिळनाडूने २०११ मध्ये शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला. २०१९ मध्ये ‘कल्वी’ ही शैक्षणिक दूरचित्रवाहिनी सुरू केली.

कुंभकोणमच्या आगीनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर (अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार) सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे त्यात नमूद आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बांधकाम, सहा महिन्यांत अग्निशमन साधने, ज्वलनशील पदार्थांपासून मुक्त इमारत आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, असे आदेश न्यायालयाने दिले.

डिजिटल वर्गाच्या संदर्भात हे आदेश नव्याने वाचावे लागतात. खडू-फळ्याला वीज लागत नसे. प्रोजेक्टर, परस्परसंवादी फळा, संगणक आणि अखंडित वीजपुरवठ्याच्या बॅटऱ्या एकाच वेळी चालू राहिल्यास जुन्या वायरिंगवर भार वाढतो. टॅब्लेट एकाच कपाटात चार्ज करणे, पडद्यावरील चित्र स्पष्ट दिसावे म्हणून खिडक्यांना जाड कापड लावणे, हेही धोक्याचेच. त्याहून गंभीर विसंगती कुलपाची आहे. महागडी यंत्रे चोरीस जाऊ नयेत म्हणून संगणक कक्षाला लोखंडी जाळ्या आणि एकच दार ठेवले जाते. आगीच्या वेळी मुलांना मात्र मोकळी वाट हवी असते. यंत्राच्या रक्षणासाठी केलेली तजवीज मुलांच्या मुळावर येऊ शकते, हे खरेदीच्या निविदेत क्वचितच लक्षात घेतले जाते.

प्रत्येक डिजिटल साधन असा भार आणतेच असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यासाठी वेगळा कक्ष लागला नाही. फोन असला की पुरे. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तमिळनाडूच्या नव्या पाठ्यपुस्तकांतही २०१८ पासून असे कोड छापले जातात.

केंद्राच्या २०२३-२४ च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक, तर ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते.