लिलावापूर्व घरखरेदी (शहापूर–मुरबाड)

कर्ज थकल्यामुळे बँकेच्या लिलावाच्या तोंडावर आलेले घर लिलाव पुकारला जाण्याआधी मूळ मालकाकडूनच, पण बँकेच्या लेखी संमतीने विकत घेण्याचा व्यवहार. अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज-अरिष्टानंतर असे व्यवहार ‘शॉर्ट सेल’ या नावाने फार झाले. घराची किंमत कर्जाच्याही खाली गेलेली असे आणि उरलेली तूट बहुधा बँक सोसत असे. महाराष्ट्रात या नावाची वेगळी पद्धत कायद्याने घालून दिलेली नाही. कर्जवसुलीच्या कायद्यातले एक पोटकलम आणि बँकेची एकरकमी तडजोड यांच्या जोडीने हा व्यवहार येथे उभा राहतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत त्याला आणखी एक पदर आहे, तो घराखालच्या जमिनीचा. बोजा भरला की बँक बाजूला होते. जमिनीचा पूर्वेतिहास मात्र खरेदीदाराच्या नावावर चढतो.

प्रदेश : शहापूर तालुक्यात मध्य रेल्वेची वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके आहेत. मुंबई–नाशिक महामार्ग तालुक्यातून जातो, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रोज लोकलने ये-जा करणाऱ्या नोकरदारांच्या सदनिका स्थानकांच्या आसपास वाढल्या. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तेथे औद्योगिक वसाहत आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता यांच्या आधाराने बिनशेती भूखंड, रो-हाऊस आणि सुट्टीचे बंगले उभे राहिले. एकीकडे लहान गृहकर्जावरची राहती घरे, दुसरीकडे हौसेची घरे, आणि गावठाणात केवळ घरपट्टीच्या उताऱ्यावर उभी असलेली जुनी घरे. तिन्हींवर कर्ज असू शकते. तपासायचे कागद मात्र तिन्हींचे वेगळे.

कायद्याचा क्रम : हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस निघते. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. रक्कम न भरल्यास कलम १३(४) प्रमाणे ताबा घेतला जातो. ताबा नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. बाहेरच्या माणसाला घराची अडचण बहुधा तेथेच पहिल्यांदा कळते. ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’ हा शब्द नीट वाचावा. सांकेतिक ताब्यात दारावर कागद चिकटलेला असतो आणि आत कुटुंब राहत असते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

संमतीचा कागद : या व्यवहाराचा कणा कलम १३(१३) आहे. मागणी नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय ते घर विकता वा भाड्याने देता येत नाही. ‘मॅनेजरसाहेबांशी बोलणे झाले आहे’ या वाक्याला येथे शून्य किंमत आहे. मालकाच्या हातात बयाणा ठेवून साठेखत करणारा खरेदीदार दोन्हीकडून अडकतो: मालकाकडे पैसे उरत नाहीत आणि बँक त्याला ओळखत नाही. रीतसर मार्गाने आधी बँकेकडून थकबाकीचे पत्र घेतात, त्यात ठरावीक तारखेपर्यंतचे व्याज धरलेले असते. रक्कम थेट कर्जखात्याच्या नावे धनाकर्षाने भरली जाते. खरेदीखताला बँक मान्यता देणारा पक्ष म्हणून सही करते किंवा संमतिपत्र जोडते. मूळ दस्त व कर्जमुक्तीचा दाखला हाती पडल्यावरच मालकाचा उरलेला हिस्सा त्याला मिळतो. खरेदीदारही कर्ज काढणार असेल तर दोन बँकांनी आपसांत दस्तांची देवघेव करायची असते, आणि वेळ जातो तो नेमका येथे.

तुटीचा प्रश्न : घराची किंमत बँकेच्या येणे रकमेपेक्षा कमी असेल तरच हा खऱ्या अर्थाने शॉर्ट सेल. तूट आपोआप माफ होत नाही. कलम १३(१०) प्रमाणे बँक ती कर्जदाराकडून वसूल करू शकते. म्हणून संमतिपत्रात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द नसतील, तर घर विकूनही कर्जदार ऋणकोच राहतो. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीच्या धोरणाची चौकट घालून दिली आहे. तडजोड हा हक्क मात्र नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. मालकाने हे समजून सही केली आहे ना, हे खरेदीदाराने पाहणे माणुसकीचे तर आहेच, सोयीचेही आहे. फसवले गेल्याची भावना पुढे दाव्यात उतरते.

मुदत : २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे सर्व थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. लिलावात १०५.०५ कोटींची बोली लागल्यावर कर्जदाराला मालमत्ता सोडवू देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला. तात्पर्य, ‘लिलावाला अजून तीन आठवडे आहेत’ असे सांगणारा दलाल चुकीचे घड्याळ दाखवत असतो. नोटीस छापून आल्यावर कर्जदाराच्या हाती हक्क उरत नाही, उरते ती बँकेची मर्जी.

लिलावात घेणे : मार्ग चुकला तर बोली लावता येते. सार्वजनिक बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर असतात. बोली मान्य झाल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत भरायचे. मुदतवाढ लेखी करारानेच, आणि तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असते. महावितरणची जुनी थकबाकीही त्यात येऊ शकते. वीजबिलाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा के. सी. निनान निकाल याच अंगाचा आहे. सोसायटीच्या देखभाल-शुल्काची चौकशीही आधीच करावी.

सहकारी संस्था : नागरी सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, हे मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये ठरले. पतसंस्थांची वाट वेगळी. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी विक्री करतो. तेथे ताबा, मुदती, हरकती सारेच निराळे. सरफेसीचे ज्ञान पतसंस्थेच्या घराला लावू नये.

जमीन : संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जात नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनीवर पुढे प्लॉट पडलेले असतील तर आदिवासींना जमिनी परत देण्याच्या १९७४ च्या प्रत्यार्पण कायद्यापर्यंत मागे जाऊन फेरफार वाचावे लागतात. कूळकायद्याच्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कलम ६३ आड येते. बँकेने कर्ज दिले म्हणजे मालकीहक्क निर्वेध, हा समज या दोन तालुक्यांत महाग पडतो. मंजुरीच्या वेळी बँकेच्या वकिलाने पाहिलेला काळ मर्यादित असतो.

शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी लागूच होत नाही. मात्र उताऱ्यावर ‘शेती’ लिहिलेले असणे पुरेसे नाही, प्रत्यक्ष वापर पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. आंबराईत बांधलेल्या बंगल्याचा लिलाव म्हणूनच वादात सापडू शकतो. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका निघाली असल्यास ती पाहावी. केवळ ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न दराच्या आधी विचारावा.

शोध : दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्र. २, केंद्रीय तारण-नोंदवही सरसाई, सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ आणि जुने फेरफार हे किमान. दस्त ठेवून घेतलेल्या गहाणाची सूचना नोंदणी कायद्याच्या कलम ८९ब प्रमाणे १ एप्रिल २०१३ पासून दाखल करावी लागते, त्यामुळे त्यानंतरची गहाणे शोधात सापडतात. आधीची सापडतीलच असे नाही. व्यवहारानंतर बोजा उतरवण्याचा फेरफार तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) खरेदीदारालाच पाठपुरावा करून मंजूर करून घ्यावा लागतो. बँकेच्या कर्जमुक्तीच्या दाखल्याने सातबारा स्वतःहून कोरा होत नाही.