ब्रिटानियातील खुनाचा कायदा

ऑगस्ट १९९७मधली गोष्ट. 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ अजून बाजारात यायचा होता आणि चाचणीचा शेवटचा टप्पा चालू होता. सर्व्हरला किती भार सोसवतो हे पाहण्यासाठी ऑस्टिनच्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने जमतील तितक्या खेळाडूंना एकाच वेळी बोलावले होते. त्या निमित्ताने ब्रिटानिया या काल्पनिक राज्याचा राजा लॉर्ड ब्रिटिश प्रजेला दर्शन देत फिरत होता. हा राजा म्हणजे अल्टिमा मालिकेचा जनक रिचर्ड गॅरियट स्वतः. लॉर्ड ब्लॅकथॉर्नच्या गढीत राजा जमावापुढे उभा असताना गर्दीतल्या रेन्झ नावाच्या खेळाडूने अग्निमंत्राची एक गुंडाळी उघडली. ती त्याने थोड्याच वेळापूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी पोतडीतून चोरली होती. राजाच्या पायाशी ज्वाळा उठल्या आणि राजा मरून पडला. सर्व्हर मध्येच कोसळून पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या पात्राचे अवध्यत्व चालू करायला गॅरियट विसरला होता. ब्लॅकथॉर्नची भूमिका करणाऱ्या निर्मात्याने मग जमावावर राक्षस सोडले आणि ज्यांचा काहीही संबंध नव्हता असे कितीतरी प्रेक्षक मारले गेले. रेन्झचे खाते बंद झाले; राजहत्येसाठी नव्हे, आधी केलेल्या तांत्रिक गैरफायद्यांसाठी, असा कंपनीचा खुलासा होता.

संगणकीय खेळांच्या इतिहासात हा प्रसंग आता गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो पुढच्या तीन वर्षांचा नांदीप्रसंग वाटतो. चोरीचे हत्यार, निर्मात्यांच्या नजरेतून सुटलेला एक नियम आणि त्यानंतर गुन्हेगार सोडून भलत्यांनाच भोवलेली शिक्षा, हे सगळे पुन्हा पुन्हा घडणार होते.

एका खेळाडूने दुसऱ्याला मारणे ही गोष्ट तोवर नवी राहिलेली नव्हती. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८मध्ये सुरू केलेल्या 'मड' या शब्दमय खेळातही ती मुभा होती. लुकासफिल्मच्या १९८६च्या 'हॅबिटॅट'मध्ये तर यावरून प्रजेत उभी फूट पडली होती. काहींना तो निव्वळ गुन्हा वाटत होता, काहींना खेळाची खरी मौज त्यातच दिसत होती. तिथे एका खेळाडूने 'पवित्र अक्रोडा'चा एक पंथ काढला. अनुयायांनी शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही, कोणत्याही हिंसेत भाग घ्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. संस्थापक प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा धर्मगुरू होता. हॅबिटॅटच्या निर्मात्यांनी, चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी, आपल्या निबंधात हे सारे नमूद केले आहे, आणि निबंधाचा एकूण सूर नम्र आहे. समाजाचा आराखडा वरून आखता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्यांनी तो निबंध वाचला नव्हता असे नाही. पण दुसऱ्याच्या अनुभवाने शहाणे होण्याची रीत कोणत्याच धंद्यात फारशी नसते.

गॅरियटची गोष्ट आणखी वेगळी होती. त्याच्या १९८५च्या 'अल्टिमा ४'मध्ये मारायला अंतिम खलनायकच नव्हता. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे हेच त्या खेळाचे उद्दिष्ट होते. (हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला आणि आज समाजमाध्यमांतले चिमुकले चित्र होऊन परत आला.) त्या खेळात औषधी मुळ्या विकणारी एक आंधळी बाई होती. तिच्या मालाचे पैसे किती द्यायचे हे खेळाडूवर सोपवलेले असे. कमी दिले तरी ती काहीच बोलत नसे, पण खेळ मनातल्या मनात नोंद ठेवी आणि पुढे केव्हातरी त्या नोंदीचा जाब द्यावा लागे. सद्गुण मोजता येतो, असा धडा यातून निघाला होता आणि त्या जगापुरता तो खराही होता. तिथे माणूस एकच होता. बाकी सगळी चित्रे होती. आंधळ्या बाईला सूड घ्यायचा नव्हता, खोटी साक्ष द्यायची नव्हती आणि तिला दुसरे सोंगही घेता येत नव्हते.

सप्टेंबर १९९७मध्ये ब्रिटानियात खरी माणसे शिरली. दरमहा ९.९५ डॉलर भरून. चाचणीच्याच वेळी पाच-पाच डॉलर मोजून सुमारे पन्नास हजार जणांनी नावे नोंदवली होती, तेव्हाच आकड्यांनी सर्वांना चकित केले होते. खेळाचा मुख्य रचनाकार राफ कॉस्टर हा मडच्या परंपरेतला. त्या परंपरेत चालक खेळाडूंना नावानिशी ओळखत. भांडण विकोपाला गेले की मध्ये पडत. इथे एकेका सर्व्हरवर हजारो अनोळखी लोक होते आणि मध्ये पडायला माणसे मोजकी. म्हणून जगाने आपला तोल आपणच सांभाळावा, अशी योजना होती. लांडगे सशांना खातील, ससे संपले की लांडगे दुसरीकडे वळतील, अशी एक निसर्गसाखळीही रचलेली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारून टाकल्याने ती सुरू होण्याआधीच कोलमडली. माणसांच्या बाबतीतली अपेक्षाही त्याच जातीची होती. दरोडेखोर निपजतील, मग त्यांचा बंदोबस्त करणारे शूरही निपजतील आणि त्यातून कथा जन्माला येतील.

दरोडेखोर निपजले. शहराच्या हद्दीत कोणी 'गार्ड्स' अशी हाक दिली की पहारेकरी प्रकट होऊन गुन्हेगाराला एका घावात संपवत. पण शहरात खाणी नव्हत्या, हरणे नव्हती, भुयारे नव्हती. पोट भरायचे तर वेशीबाहेर जाणे भाग. नवशिका खाणकामगार तासभर कुदळ चालवून खनिज जमवतो, परतीच्या वाटेवर दोघे-तिघे घोडेस्वार येतात आणि क्षणार्धात पडदा करडा होतो. तो आता भूत झालेला आहे. भुताने काहीही टंकले तरी जिवंतांना फक्त 'ऊऽऽओऽऽ' एवढेच दिसते. आपल्या प्रेतावर वाकून कुदळ, खनिज, अंगावरचे कपडेसुद्धा कोणी काढून नेत आहे हे पाहत उभे राहायचे आणि मग पुन्हा देह देणारा वैदू शोधत रान तुडवायचे. मारणाऱ्याला त्या खनिजाची गरज असेच असे नाही. कित्येकदा ते तिथेच टाकून दिलेले असे. त्या भुताचे निरर्थक ओरडणे हीच खरी कमाई होती. 'प्लेयर किलर' या शब्दाची 'पीके' ही दोन अक्षरे तेव्हापासून या खेळाडूंच्या बोलीत शिवीसारखी रुजली.

आणि शूर? तेही निपजले. खेळाडूंनी गस्तीची पथके काढली, खाणींवर पहारे बसवले, वसाहती वसवून त्यांच्या रक्षणासाठी रात्री जागवल्या. त्या काळच्या आठवणींत याच गोष्टी सर्वाधिक जिव्हाळ्याने सांगितल्या जातात. पण हिशेब जमणारा नव्हता. मारेकरी वेळ आणि जागा निवडतो. रक्षकाला सदासर्वकाळ सगळीकडे हजर राहावे लागते. मारेकऱ्याला मारले तरी पाच मिनिटांत तो जिवंत होऊन येतो. त्याला तुरुंगात टाकता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही, त्याच्या घरच्यांना लाज वाटत नाही. शिवाय एका खात्यावर एका सर्व्हरमध्ये पाच पात्रे. रात्री वाटमारी करणारा माणूस सकाळी शेजारच्या भट्टीवर सज्जन लोहार म्हणून तुमच्याच तलवारीला डागडुजी करून देऊ शकत होता. अब्रू ज्या देहाला चिकटते तो देहच इथे बदलता येत होता, हे त्या स्वयंशासनाच्या स्वप्नातले सर्वांत मोठे भोक होते.

तेव्हा निर्मात्यांनी पुन्हा मोजमापाकडे धाव घेतली. पहिली पद्धत लौकिकाची. सत्कृत्याने चढणारी आणि दुष्कृत्याने उतरणारी एक मोजपट्टी, तिच्या एका टोकाला 'ग्रेट लॉर्ड' आणि दुसऱ्या टोकाला 'ड्रेड लॉर्ड'. लगेच असे लोक निघाले की जे मोजपट्टीच्या वरच्या टोकावर बसूनच मारू लागले. समोरच्याला डिवचायचे, फसवून पहिला वार त्याच्याकडून करून घ्यायचा, की कायद्याच्या दृष्टीने तो दोषी. मग त्याला मारणे हे पुण्यकृत्य. ठगांच्या कथा आपल्याकडे ऐकलेल्यांना वाटसरूचा विश्वास आधी संपादन करण्यात नवे काही वाटणार नाही. इथे फरक एवढाच की त्या विश्वासघाताला राज्याची पदवीही मिळत होती.

१९९८मध्ये कायदा नव्याने लिहिला गेला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न होय. निरपराध निळा, तात्पुरता गुन्हेगार करडा, खुनी लाल. खून झाला की मृताच्या पडद्यावर प्रश्न येई: मारणाऱ्याविरुद्ध खुनाची तक्रार नोंदवायची का? ठरवायचे ते मृताने. यंत्राला हेतू वाचता येत नाही, म्हणून हेतूचा निवाडा बळी पडलेल्याकडे सोपवला. पाच तक्रारी झाल्या की नाव लाल. लाल माणसाला कोणीही मारावे, त्याच्या डोक्यावर इनाम लावावे. पहाऱ्याच्या शहरांत त्याला थारा नाही. पुढे अशा खुन्याने मरताना आपल्या कमावलेल्या कौशल्यांतला काही हिस्साही गमवावा, अशी तरतूद आली.

आता याची उलटी बाजू पाहा. खेळात घालवलेल्या दर आठ तासांनी एक तक्रार गळून पडे, म्हणून मारेकरी आपले पात्र सुरक्षित घरात उभे करून संगणक रात्रभर चालू ठेवत आणि स्वतः झोपी जात. शिक्षा अशी झोपेत भोगून होई. काही जण चार खुनांवर थांबत. कोणी करडा झालेला मित्र जखमी पडला म्हणून त्याला मलमपट्टी करावी, तर मदत करणाराही करडा ठरे आणि आडोशाला थांबलेले लोक त्याला कायदेशीरपणे कापून काढत. कौशल्यहानीच्या भीतीने लाल माणसे घाबरली हे खरे, पण त्यामुळे ती बरोबरीच्या लढाया टाळू लागली आणि टोळीने एकट्यादुकट्याला गाठू लागली. म्हणजे ज्याच्यासाठी कायदा केला त्या नवशिक्याचीच पाळी आधी येऊ लागली. प्रत्येक कलम मारणारे बारकाईने वाचत होते आणि मरणारे वाचत नव्हते. कायदा जितका काटेकोर, तितका जाणकाराला उपयोगी. फौजदारी कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही हे समजेल.

बार्टलने १९९६च्या एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. त्यांतल्या 'मारेकऱ्या'विषयीचे त्याचे निरीक्षण असे की तो दुसऱ्यांवर जगतो. त्याची संख्या वाढली की गप्पांसाठी येणारे आधी निघून जातात. ब्रिटानियात तसेच घडले. दरम्यान १९९९च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. तिथल्या बहुतेक सर्व्हरांवर, दोघांची तयारी असल्याखेरीज खेळाडू खेळाडूला मारू शकत नव्हता. लोकांना जायला दुसरे गाव मिळाले.

एप्रिल २०००मध्ये ओरिजिनने कायदे लिहिणे सोडले आणि जगाचीच दुसरी प्रत काढली. ब्रिटानियाच्या दोन चंद्रांची नावे त्यांना दिली. जुने जग फेलुका, नवे ट्रॅमेल. नकाशा तोच, शहरे तीच, रस्ते तेच. ट्रॅमेलमध्ये मात्र संमतीवाचून कोणावर वार करता येत नव्हता. फेलुकातली झाडे निष्पर्ण करण्यात आली. ट्रॅमेल उघडताच घरांच्या जागांसाठी झुंबड उडाली. मतदानाची याहून स्पष्ट पद्धत मला ठाऊक नाही. खेळाडूंची संख्या त्यानंतरही वाढत राहिली. आपण स्वयंशासनाचा आग्रह फार काळ धरून बसलो आणि त्याची किंमत इतरांनी मोजली, अशी कबुली कॉस्टरने पुढे दिली आहे. अशी कबुली देणारे रचनाकार थोडे.

'ट्रॅमेलने खेळ मारला' हे जुन्या खेळाडूंचे पालुपद मी पुष्कळ वाचले आहे. ते म्हणणारे बहुधा घोड्यावरचे होते, पायी चालणारे नव्हते, असा माझा संशय आहे. तरी त्यात एक गोष्ट खरी आहे. खाणीच्या तोंडाशी भेटलेल्या अनोळखी माणसाने 'सोबत येऊ का?' असे विचारले, तर जुन्या ब्रिटानियात त्या प्रश्नाला वजन होते. विचारणाऱ्याने लुबाडणूक टाळली होती आणि ऐकणाऱ्याने धोका पत्करला होता. ट्रॅमेलमध्ये सगळेच सभ्य होते, कारण दुसरे काही होताच येत नव्हते. गस्तीची पथके अनावश्यक झाली आणि विरली. आंधळ्या बाईला कमी पैसे देता येणेच बंद केले, तर पूर्ण पैसे देणाऱ्याविषयी काय सांगता येणार?

नंतरच्या खेळांनी यातून आपापला वाटा उचलला. 'ईव्ह ऑनलाइन'ने २००३मध्ये खुनाला मनाई न करता त्याची किंमत ठरवली: सुरक्षित प्रदेशात हल्ला करा, पण पोलीस तुमचे जहाज नष्ट करणारच. मग जहाजाच्या किमतीपेक्षा लूट मोठी असल्याची खात्री करून लोक हल्ले करू लागले. २००४च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने शत्रू आधीच नेमून दिले आणि पुढच्याच वर्षी लढायांसाठी वेगळी मैदाने आखून दिली, तेव्हा साउथशोअर आणि टॅरेन मिल या दोन गावांमधल्या कुरणात आपोआप पेटणारी रोजची लढाई ओस पडली.

फेलुकाचे काय करायचे हा प्रश्न मात्र ओरिजिनपुढे राहिलाच. मेंढ्या निघून गेल्या होत्या आणि लांडगे एकमेकांची तोंडे पाहत होते. म्हणून तिथे खनिज आणि लाकूड दुप्पट देण्यात आले. २००२मध्ये कौशल्याची कमाल मर्यादा वाढवणाऱ्या मंत्रगुंडाळ्या आणल्या आणि त्या फक्त फेलुकातच मिळतील असे ठरवले. लढण्याची इच्छा नसलेल्यांनाही त्यांची गरज होती. काही जण धीर करून गेले आणि मारले गेले. संघटित टोळ्यांनी ती ठिकाणे ताब्यात घेतली, आलेल्यांना हुसकावले, गुंडाळ्या गोळा केल्या आणि त्या शहरातल्या दुकानांत चढ्या भावाने विकायला मांडल्या. ट्रॅमेलची मंडळी तिथून त्या विकत घेत.