मोगऱ्याचं आळं

पौषात मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची. माघात छाटणी, आळी उकरणं, शेणखत, आणि मग पुन्हा पाणी. बेळगाव भागातल्या आमच्या परसात वसंताची तयारी ती एवढीच, पण तिच्यामागं मोठा इतिहास आहे.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं ती बांधली. त्या काळच्या कन्नड दानलेखांत देवळांना, बसदींना शेताबरोबर फुलबागही दिलेली सापडते. तिला 'पूदोंट' म्हणत. देणाऱ्याचं नाव दगडावर असतं, घेणाऱ्या मुनींचंही. आळी कोण उकरत होतं, ते कुणी कोरलं नाही.

पुढं जिनबिंबाला फूल वाहावं की नाही, यावरनंच आपल्यात दोन पंथ झाले. सतराव्या शतकात आग्रा-सांगानेरकडं दिगंबरांत तेरापंथ उभा राहिला. त्यांना भट्टारकांची सत्ता नको होती, आणि पूजेत फुलंही नकोत, कारण फूल तोडणं ही हिंसा. फुलांच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ आले. दक्षिणेत भट्टारकांच्या गाद्या टिकल्या, म्हणून आमच्याकडं बीसपंथी रीत राहिली आणि फुलंही राहिली.

बेळगावची पोर इंदुरात दिली की हा सगळा वाद तिच्या परडीत येऊन पडतो. माझ्या आत्याचं तसंच झालं. सासरच्या मंदिरात पिवळे तांदूळ. मोगरा आपला वेणीपुरता. तरी माघ लागला की ती आळी करायला बसायचीच.

तेरापंथीयांचं म्हणणं हलकं नाही, बरं का. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घरकामातली ती आरंभी. गृहस्थाला ती पुरती टळत नाही, पण जपून वागावं लागतं. कुदळ मारली की मातीतले जीव मरणारच. आमच्या घरातल्या जुन्या बायकांनी त्यावर आपल्यापुरत्या रिती घालून घेतल्या होत्या. पाचोळा पेटवायचा नाही, बुंध्याशी पसरायचा. ऊन वर आल्यावर, सगळं नीट दिसतंय तेव्हाच माती हलवायची. मुंग्या निघाल्या तर ते आळं तसंच सोडून पुढच्या झाडाकडं जायचं. पंथ कुठलाही असो, मला हा हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो.

आत्यानं तर कुदळ कधी घेतलीच नाही. खुरपं खोल जात नाही, म्हणायची, आणि मोगऱ्याला तेवढं पुरतं.