केळीच्या नोटा

दहा रुपयांची एक नोट हातात घेऊन नीट पाहू. तिच्यावर धारकाला दहा रुपये अदा करण्याचे वचन आहे आणि नोटेचा क्रमांकही आहे. क्रमांकाकडे आपण क्वचितच पाहतो. पण तो किती मोलाचा असतो, हे दुसऱ्या महायुद्धातील एका अल्पायुषी चलनावरून समजते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले. त्याआधी मलायाही जपानने जिंकला होता. तेथे ब्रिटिश अमदानीतील मलायन डॉलर चालत असे. जपानने आपला निराळा डॉलर आणला आणि दोन्हींचे मूल्य सारखेच ठरवून दिले. मागणी करताच पैसे देण्याचे जपानी सरकारचे वचन या नोटांवर इंग्रजीत छापलेले होते. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते. म्हणून या साऱ्या चलनालाच लोक 'केळीचा पैसा' म्हणू लागले.

सुरुवातीच्या नोटांवर क्रमांक होते. पुढे ते गेले आणि नुसती अक्षरे उरली. 'एम' म्हणजे मलाया. ब्रह्मदेशासाठी रुपयांत काढलेल्या नोटांवर 'बी' असे. क्रमांकच नाही म्हटल्यावर नोटा किती निघाल्या हे कोण मोजणार? खर्च वाढला की नोटा छापल्या जात. कागद आणि छपाई हलकी, त्यामुळे बनावट नोटा काढणाऱ्यांचेही फावले.

मलायाला तांदूळ बाहेरून आणावा लागे. युद्धामुळे तो येईनासा झाला. बाजारात माल कमी आणि नोटा उदंड. मग भाव भडकणारच. १९४४ मध्ये शंभर डॉलरची आणि १९४५ मध्ये हजार डॉलरची नोट काढावी लागली. जाणती माणसे जुने ब्रिटिश डॉलर दडवून ठेवीत आणि केळीच्या नोटा झटपट खर्चून टाकीत.

सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश परतले. त्यांनी या नोटांना काहीही मूल्य नसल्याचे जाहीर केले. साडेतीन वर्षांची मजुरी ज्यांनी या नोटांत साठवली होती, त्यांच्या हाती रद्दी उरली. या पैशात फेडलेले कर्ज खरोखर फिटले का, असेही तंटे उभे राहिले. अखेर १९४८ मध्ये कायदा करून या पैशाच्या घसरत गेलेल्या मूल्याचे कोष्टक ठरवावे लागले.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. दहा पेन्सिली मांडा, मुलांना दहा चिठ्ठ्या वाटा आणि लिलाव करा. नंतर तेवढ्याच पेन्सिलींसाठी शंभर चिठ्ठ्या वाटा. चिठ्ठी तीच, पेन्सिलही तीच. मग भाव का चढला, हे मुलांनाच विचारा. नोटेवर क्रमांक असला म्हणजे तिचे मूल्य टिकतेच असे नाही. पण छापणाऱ्याने मोजणेच सोडले, की वचनाचा कागद होतो, हे मात्र मुलांना उमगेल.