माहूरचा डोंगर, चिखलदऱ्याचा डोंगर

ढाणकीला बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे दोन दिवस तो काळ्या रानातील कपाशी पाहतो, पैनगंगेचे पात्र पाहतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, "जवळपास एखादा डोंगर नाही का?" पाहुणा वसईकडचा असेल तर हा प्रश्न पहिल्याच सायंकाळी येतो. पावसाळ्याचे दिवस असतील तर सहस्रकुंडाच्या धबधब्यावर त्याची समजूत घालता येते. एरवी यजमानापाशी दोनच उत्तरे असतात : जवळचे माहूर आणि दूरचा चिखलदरा. या दोन उत्तरांत किती अंतर आहे, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी इतिहासात डोकवावे लागते.

माहूरचा डोंगर पूर्वजांनी पाहण्यासाठी चढलेला नाही. तेथे रेणुकामातेचे स्थान आहे, साडेतीन पीठांपैकी ते एक मानले जाते. दत्तशिखर आहे, अनसूयेचे शिखर आहे. भाविक चढला तो नवस फेडण्यासाठी. दुसरा चढला तो शिपाई. बहामनी काळापासून माहूरचा किल्ला वऱ्हाडच्या राजकारणात आहे. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत उतरलेल्या शाहजहानने १६२३ च्या सुमारास आपले हत्ती व जड सामान याच किल्ल्यावर ठेवले होते. माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबाघन १६६१ साली उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूने शिवाजीराजांसमोर उभी राहिली, ती कथा मराठी वाचकाला ठाऊकच आहे.

ढाणकीकराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे राज्य. माहूरला जाणारा यात्रेकरू नदी ओलांडताच दुसऱ्या राज्यात पाऊल टाकी. मालावर निजामाची करोडगिरी म्हणजे जकात असे. ही स्थिती १९४८ पर्यंत टिकली. माहूर ज्यात येते तो किनवटचा मुलूख तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. आज तासा-दोन तासांत गाडीने माहूर गाठणाऱ्या पाहुण्यास ही ओलांडलेली सीमा जाणवतही नाही. आम्ही मात्र पूल आला की ती सांगतो.

केवळ पाहण्यासाठी डोंगर चढणे ही तशी नवी हौस आहे. युरोपातही ती फार जुनी नाही. १३३६ साली पेट्रार्क हा इटालियन कवी फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर निव्वळ उंची पाहण्याच्या इच्छेने चढला, असे त्याने स्वतःच एका पत्रात नमूद केले आहे. माथ्यावर त्याने जवळचा संत ऑगस्टिनचा आत्मकथनपर ग्रंथ सहज उघडला. माणसे पर्वतांचे आश्चर्य करतात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात, अशा अर्थाचा मजकूर समोर आला आणि तो वरमला. उतरताना कोणाशी बोलला नाही म्हणे! आमच्या सहलींत असे मौन आजवर आढळलेले नाही.

वऱ्हाडात ही हौस चिखलदऱ्याने आणली. सुमारे १११८ मीटर उंचीच्या या पठारावर हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली पोहोचला व त्याने चिखलदऱ्याचा शोध लावला, असे सर्वत्र लिहिले जाते. शोध हा शब्द आम्हांस खटकतो. कोरकू आणि गवळी तेथे आधीपासूनच राहत होते. शेजारच्या गाविलगडाचे नाव गवळ्यांवरूनच पडले असे मानतात. शिवाय इंग्रज फौज तेथे वीस वर्षे आधीच येऊन गेली होती. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड घेण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरांतून स्वतः रस्ता करीत अवजड तोफा हातांनी ओढून गडाच्या उत्तरेस आणल्या. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या रजपुतांसह लढता लढता पडला. अवघ्या दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि त्यात हा गड नागपूरकर भोसल्यांना परतही मिळाला! एवढे रक्त सांडले ते दोन दिवसांच्या मालकीसाठी काय, असे पाहुणे विचारतात. भोसल्यांना तह करायला लावण्यासाठी, हे त्याचे खरे उत्तर. १८५८ साली तात्या टोपे गडाचा आश्रय घेतील या भीतीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली.

दरम्यान १८३९ पासून वऱ्हाडातील साहेबलोकांचे ते आवडते हवा खाण्याचे ठिकाण झाले होते. खासगी बागांत उत्तम कॉफी होऊ लागली. आणि डोंगराला नवी नावे मिळाली : देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल पॉइंट. माहूरला शिखरे आहेत, चिखलदऱ्याला पॉइंट. शिखरावर माणूस जातो. पॉइंटवर उभा राहून दुसरीकडे पाहतो. पाहणाऱ्याच्या सोयीचे हे नामकरण देवीच्या स्थानालाही चिकटले, यातच त्या काळाची दृष्टी दिसते. भीमकुंडाचे नाव तेवढे महाभारताकडे राहिले : कीचकाला मारल्यावर भीमाने तेथे हात धुतले, असे स्थानिक लोक सांगतात.

आमचे ख्रिस्ती पाहुणे मरियमपूरला जाण्याचा आग्रह धरतात. चिखलदऱ्याजवळच्या या वस्तीत कोरकू ख्रिस्ती कुटुंबे आहेत. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा वऱ्हाड त्यातच होता. १९५५ साली अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आमचा यवतमाळ जिल्हाही त्यात आला. पण पाहुण्यांनी तेथे केवळ आपल्या धर्माची माणसे पाहून परतू नये, अशी आमची खटपट असते. त्यांनी कोरकू भाषा कानांनी ऐकावी. ती मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडातील संथाळी व मुंडारीची दूरची बहीण आहे. १९७३–७४ साली मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला, आणि पुढे काही गावांना जंगलाबाहेर उठून जावे लागले. १९९३ च्या सुमारास येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. तीही बालके याच धुक्यातली होती, ज्याची छायाचित्रे आमचे पाहुणे घरी नेतात.

म्हणून पॉइंटवर गाडी थांबली की आम्ही पाहुण्यांना आधी गाविलगडाचा तट दाखवतो आणि त्याच्या अलीकडची कोरकूंची कवलारू घरे दाखवतो. धुके असले तर दोन्ही दिसत नाहीत. मग ते ओसरेपर्यंत थांबतो, आणि तोवर कोपऱ्यावरची कॉफी पितो.