चार मैलांची आशा

आशावादी माणूस कसा ओळखावा, असे वर्गातली मुले मला विचारतात. मी म्हणतो, बाळांनो, त्याचे भाषण ऐकू नका, त्याचे पाय पाहा. आणि मग अण्णासाहेब कर्व्यांची हकिगत सांगतो.

मुरूडचा हा कोकणी मुलगा परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तेथे, वयाने फार लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्याला परत पाठविले! घरी येऊन त्याने पुन्हा पुस्तके उघडली. १८८१ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा वय तेवीस. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. म्हणून हे 'उशिराचे' यश मला फार जवळचे वाटते.

पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. दुसरा कोणी समाजाला दूषणे देत बसला असता. अण्णांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे प्लेगच्या दिवसांत आश्रम हिंगण्याच्या ओसाड माळावर गेला. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. पुण्याहून हिंगणे सुमारे चार मैल. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी सामानाचे ओझे घेऊन चिखल तुडवीत त्या मुलींकडे जायचे, हा त्यांचा क्रम. वर्गणी मागताना अपमान होत. पण ज्या बाल विधवांना घरातला अंधारा कोपरा तेवढा उरला होता, त्या आता पाटीवर अक्षरे गिरवीत होत्या!

१९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आरंभी विद्यार्थिनी अगदी थोड्या; चार वर्षांनी ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली. ती येणार हे ठाऊक असते, तर आरंभाला धैर्य कशाला लागले असते?

१९५८ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले. पण त्यांचे खरे वेतन त्यांना त्याआधीच पोचले होते. शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली प्रत्येक मुलगी म्हणजे त्यातला एकेक रुपया!

वाचकहो, आशेमुळे अण्णांचे एकही दुःख टळले नाही. मात्र एकही दुःख फुकट गेले नाही. आज घरोघर पणत्या लागतील. पणती लावणारा अंधार मोजीत बसत नाही. तो आधी वात वळतो.